पिकअपच्या हौद्याला स्प्रे लायनर : कोणतं मारावं आणि कधी?

द्राक्षशिवार (तासगाव)

नमस्कार मंडळी.

दसऱ्याला बोलेरो पिकअप घेतली. हौद्याचा कंपनीचा रंग अजून कोरा आहे आणि तो तसाच टिकावा अशी फार इच्छा आहे. आधीच्या गाडीचं इंजिन चांगलं होतं, चासी ठणठणीत होती, पण केबिनच्या बाजूचे हौद्याचे दोन्ही कोपरे आतून खाल्ले गेले होते. वरून रंग बरा दिसायचा, स्क्रू ड्रायव्हर टेकवला की आरपार. विकताना गिऱ्हाईक आधी तिथंच बोट घालून बघायचं.

वापर सांगतो, म्हणजे सल्ला देणं सोपं जाईल. ऑक्टोबर छाटणीपासून डिसेंबरपर्यंत फवारणीची टाकी, मोरचूद, चुना, खताची पोती. जानेवारी ते एप्रिल द्राक्षाचे क्रेट, मग शेडवरून बेदाणा. पावसाळ्यात बांबू, लोखंडी अँगल, ठिबकच्या नळ्या, मध्येच शेणखताची खेप.

शोरूमवाले प्लास्टिकचा तयार ट्रे सुचवतात. गावातले म्हणतात रबर मॅट टाक. बॉडीवाला म्हणतो चेकर प्लेट, म्हणजे उठावाच्या नक्षीचा जाड लोखंडी पत्रा. मला स्प्रे लायनर, म्हणजे गनने फवारून पत्र्याला चिकटवलेला जाड थर, पटतंय, पण त्यातही कुणी पॉलियुरिया म्हणतं, कुणी पॉलियुरेथेन, आणि एक पेंटर म्हणतो "रॅप्टर मारून देतो, तेच ते". ज्यांनी वापरलंय किंवा जे हे काम करतात त्यांनी लिहा. सांगली, मिरज, कराड, कुठंही गाडी न्यायची तयारी आहे.

मिरज_जंक्शन

दादा, चेकर प्लेट मारा आन् मोकळे व्हा. अँगल टाका, दगड टाका, कायबी होत न्हाई. आमच्या पाव्हण्यांच्या समद्या गाड्यांना तीच हाय. स्प्रेवर पोती वढून वढून सालपटं निघत्यात असं ऐकलंय.

पत्राकाम (कुपवाड एमआयडीसी)

कोटिंगचंच काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

चेकर प्लेट माराला टिकते, यात वाद नाही. खडी, वीट, लोखंड एवढंच वाहायचं असेल तर मीही तीच सांगेन. पण ती बसवतात कशी ते बघा. मूळ पत्र्यावर दुसरा पत्रा ठेवून दर वीतभर अंतरावर वेल्डिंगचा टाका मारतात. त्या टाक्याखालचा कंपनीचा रंग तिथल्या तिथे जळतो. मधल्या फटीतून पाणी आत जातं आणि दोन पत्र्यांमध्ये बसून राहतं, कारण तिथं वारा पोचत नाही. वरून प्लेट वर्षानुवर्षं नवी दिसते आणि खाली मूळ पत्रा सडत जातो. द्राक्षशिवार दादा, तुमच्या आधीच्या गाडीला प्लेट होती का?

तयार ट्रेची गतही फार वेगळी नाही. ट्रे आणि पत्रा यांच्यामध्ये वाळूचे कण शिरतात, गाडी हलते तसा ट्रे हलतो, आणि ते कण रंग घासून काढतात. ट्रे बाहेर काढल्याशिवाय हे दिसतही नाही.

स्प्रे लायनरचं बलस्थान एकच : ते पत्र्याला चिकटलेलं असतं, त्यामुळे मधे फट उरत नाही. म्हणजे ते जिथं चिकटलेलं नाही तिथं त्याचा उपयोग शून्य, उलट तोटाच, कारण पाणी आत गेलं की बाहेर यायला वाट नसते. मिरजकर दादांनी ऐकलेली सालपटं बहुतेक वेळा अशीच निघतात. मालाचा दोष क्वचित असतो, खालच्या तयारीचा असतो.

द्राक्षशिवार

हो, चेकर प्लेटच होती! गाडी घेतल्या घेतल्या बसवली होती. प्लेट कापून काढली तेव्हा खालून गंजाचे पापुद्रे निघाले. आम्ही तो दोष मोरचुदाला दिला होता.

पत्राकाम

मोरचुदाचाही हात असणारच. मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. त्याचं पाणी उघड्या लोखंडावर पडलं की लोखंड विरघळतं आणि तांबं त्याच्या जागी बसतं. खिळा मोरचुदाच्या पाण्यात टाकून बघा, थोड्याच वेळात तांबूस होतो. पुढे त्या तांब्याच्या कणांभोवतीचं लोखंड ओल मिळेल तसं आणखी लवकर गंजतं. चुना बरोबर मिसळलेल्या बोर्डो मिश्रणाचा त्रास कमी, पण हौद्यात सांडतं ते बऱ्याचदा चुना मिसळण्याआधीचं पाणी. पोटॅशच्या पोत्यातलं क्लोराइडही लोखंडाचं वैरीच.

आता लायनरच्या दृष्टीने महत्त्वाचं. हे क्षार डोळ्यांना दिसत नाहीत. खत वाहिलेला हौदा नुसता फडक्याने पुसून, पॉलिश पेपर मारून वर लायनर ओढलं, तर क्षार थराखाली अडकतात. पावसाळ्यात ते थरातून पाण्याची वाफ ओढून घेतात आणि तव्यावरच्या भाकरीसारखं लायनर जागोजागी फुगतं. फुगा कापला की आत ओला, खारट पत्रा सापडतो. वापरलेल्या गाडीचं काम आलं की आम्ही आधी भरपूर पाण्याने, प्रेशर गनने हौदा धुतो, वाळवतो, मग ग्रीस काढायचं सॉल्व्हंट आणि सगळ्यात शेवटी घासणं. हा क्रम उलटा केला तर घासताना तेल आणि क्षार पत्र्याच्या ओरखड्यांत आणखी खोल बसतात.

तुमची गाडी नवी आहे, रंग कोरा आहे. याहून चांगली वेळ परत येणार नाही. कंपनीचा रंग खरवडून लोखंड उघडं करू देऊ नका. तो रंग पत्र्याला जितका घट्ट धरून असतो तितकं गॅरेजात नंतर मारलेलं काहीही धरत नाही. त्याची चमक पूर्ण मरेपर्यंत घासायचं, कोपरे आणि तळाच्या पत्र्यातल्या नाळ्यांच्या कडा हाताने घासायच्या, कारण मशीन तिथं पोचत नाही, आणि लायनर सुटायला सुरुवातही तिथूनच होते.

आलेवाली (कोरेगाव)

आमच्याकडे आल्याची पोती आणि बियाणं असतं, सोबत लाल माती. रबर मॅटवर बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून त्या बाजूने लिहिते.

मॅटची एक गोष्ट स्प्रेला जमत नाही : ती जाड आहे, मार झेलते. वजनदार क्रेट वरून आपटला तरी खालचा पत्रा चेमटत नाही. तीन मिलिमीटरचा थर ओरखडे थांबवेल, पोचा थांबवणार नाही. पण मॅट दर आठवड्याला उचलून खाली धुवावी लागते आणि उभी करून वाळवावी लागते. दोघं लागतात उचलायला. हंगामात ते होत नाही, हे मी अनुभवाने सांगते, आणि मग पत्राकाम दादा म्हणतात तेच होतं.

दुसरं म्हणजे पृष्ठभागाचा खरखरीतपणा. आमच्या शेजारच्या गाडीला खूप दाणेदार लायनर आहे. क्रेट जागचा हलत नाही, घाटात फार बरं वाटतं. पण पोतं ओढायला गेलं की ओढत नाही, उचलूनच न्यावं लागतं, आणि ओढलंच तर विणीचे धागे निघतात. गड्यांना कंबरेचा त्रास होतो. दादा, तुमचं काम क्रेटचं जास्त की पोत्यांचं, हे आधी ठरवा आणि दाणा तसा सांगा. दाण्याबद्दल कुणी आपणहून विचारत नाही.

द्राक्षशिवार

ताई, हा मुद्दा डोक्यातच नव्हता. पैशाच्या दृष्टीने क्रेट महत्त्वाचे, पण पोत्यांच्या खेपा कमी नाहीत. मधला दाणा मिळतो का?

सांगलीकर_टेक्सास

मिळतो. गनचं अंतर आणि शेवटच्या हाताचा मारा बदलून दाणा बारीक-मोठा करता येतो. आधी पत्र्याच्या तुकड्यावर मारून दाखवायला सांगा आणि त्यावर भरलेलं पोतं ओढून बघा.

इकडे पिकअप म्हणजे घरटी गाडी, आणि स्प्रे लायनर नेहमीची गोष्ट. लाइन-एक्स, ऱ्हायनो लायनिंग्ज यांची दुकानं शहराशहरांत आहेत. गाडी सकाळी द्यायची, संध्याकाळी किंवा दुसऱ्या दिवशी घ्यायची. तळाला थर साधारण एक अष्टमांश इंच, म्हणजे तीन मिलिमीटरच्या आसपास. ढोबळमानाने दोन जाती दिसतात : एक मऊ, रबरासारखी, माल धरून ठेवणारी, दुसरी कडक, ओरखड्याला जास्त दाद न देणारी, पण किंचित निसरडी.

तिकडच्या गाड्यांसाठी मात्र एक फरक ध्यानात घ्या. इथल्या पिकअपचा हौदा एकसंध टबासारखा असतो, फक्त मागचं दार उघडतं. आपल्या बोलेरो पिकअपला तीन बाजूंनी फाळके, म्हणजे खाली पाडता येणाऱ्या बाजू. प्रत्येक फाळक्याला बिजागरी, कडी आणि तळाशी लांबच लांब फट. थर त्या फटीवरून सलग गेला तर फाळका पहिल्यांदा पाडताच तो फाटणार, आणि फाटलेली कड म्हणजे पाण्याला उघडं दार. त्यामुळे तळ वेगळा, प्रत्येक फाळका वेगळा, आणि प्रत्येकाची कड वळवून आतल्या बाजूला घेतलेली, असंच काम हवं. तीन मिलिमीटर इकडे आणि तीन तिकडे चढल्यावर फाळका बंद व्हायलाही जागा उरली पाहिजे, म्हणून कडांना थर पातळ ठेवतात.

रेझिन

पॉलिमरमध्ये काम करतो. पॉलियुरिया की पॉलियुरेथेन यावर लिहितो.

दोन्हींचा एक भाग सारखाच, आयसोसायनेट. दुसऱ्या भागात पॉलियुरेथेनला पॉलिऑल असतं, पॉलियुरियाला अमाइनवालं रेझिन. अमाइनची अभिक्रिया इतकी जलद की उत्प्रेरक लागत नाही आणि थर काही सेकंदांत घट्ट होतो. म्हणून हे साध्या गनने मारताच येत नाही. दोन्ही भाग 65 ते 75 अंशांपर्यंत तापवून, 2000 पीएसआयच्या आसपासच्या दाबाने, गनच्या तोंडाशीच एकत्र आणणारं मशीन लागतं. बाजारात दोन्हींचं मिश्रण असलेले हायब्रिडही भरपूर आहेत आणि तेही 'पॉलियुरिया' म्हणूनच विकले जातात.

आयसोसायनेट पाण्याशीही अभिक्रिया करतं, त्यातून कार्बन डायऑक्साइड सुटतो. पॉलियुरेथेन सावकाश जमत असल्याने दमट हवेत किंवा ओलसर पत्र्यावर त्यात बुडबुडे राहतात. पॉलियुरियाला हा त्रास बराच कमी. पण पॉलियुरिया इतकं लवकर जमतं की घासलेल्या पत्र्याच्या बारीक ओरखड्यांत उतरायला त्याला वेळ मिळत नाही. उघडा पत्रा असेल तिथं इपॉक्सी प्रायमर हवाच. आपल्याकडे पेंटरचा हात सवयीने रेड ऑक्साइडकडे, म्हणजे नेहमीच्या लाल प्रायमरकडे, जातो. तो या थराखाली चालत नाही : आधी तो स्वतःच पत्र्यावरून सुटतो, आणि थिनरवालं कोटिंग वर आलं की सुरकुततो.

रंगाबद्दल : स्वस्त, ॲरोमॅटिक जातीचं काळं लायनर उन्हाने फिकट, पांढुरकं होतं. ताकद लगेच जात नाही, पण रूप जातं. ॲलिफॅटिक जात रंग धरते, महाग पडते. काही जण खाली ॲरोमॅटिक आणि वरून पातळ ॲलिफॅटिक हात मारून घेतात, तो मला शहाणा मार्ग वाटतो. तुम्ही द्राक्ष वाहता, तर काळ्याऐवजी करडा रंग निवडा. मार्च-एप्रिलच्या तासगावच्या उन्हात काळा हौदा चटका बसेल इतका तापतो आणि खालच्या क्रेटमधल्या मण्यांना ती धग लागते.

आता ज्यासाठी मुद्दाम लिहायला बसलो ते. फवारलेल्या आयसोसायनेटचे कण छातीत गेले तर दमा होऊ शकतो. एकदा शरीराने ते धरलं की पुढे अगदी थोड्या प्रमाणानेही श्वास कोंडतो, आणि त्या माणसाला तो धंदाच सोडावा लागतो. रुमाल किंवा कापडी मास्क इथं काहीही कामाचा नाही. बाहेरून हवा पुरवणारा मास्क लागतो. ज्या गॅरेजात पोरं तोंडाला फडकं बांधून हे मारताना दिसतील, तिथं काम देऊ नका. आणि आपण स्वतः कौतुकाने जवळ उभं राहून बघू नका, लहान मुलांना तर मुळीच नेऊ नका.

मिरज_जंक्शन

रेझिन साहेब, ह्ये लय मोलाचं सांगितलं. आमचा भाचा पेंटरच्या हाताखाली हाय. उद्याच सांगतो त्येला.

रेझिन

नक्की सांगा काका. गाडीचा रंग मारताना हार्डनर घालून जो दोन भागांचा पेंट वापरतात, त्यातही बहुतेक हाच पदार्थ असतो. लायनरपुरतं मर्यादित नाही.

कृष्णाकाठ (कराड)

रॅप्टरबद्दल कुणी लिहिलं नाही, म्हणून. वाईट वस्तू नाही, पण 'तेच ते' हे खरं नाही. ते बाटलीत हार्डनर मिसळून साध्या कॉम्प्रेसरवर मारायचं कोटिंग. सगळा हिशोब जाडीचा आहे. बोलेरो पिकअपचा हौदा साधारण नऊ फूट बाय साडेपाच. फाळक्यांची आतली बाजू धरून 90 चौरस फुटांच्या आसपास. चार लिटरचा संच तेवढ्यावर पसरला तर ओला थरच जेमतेम अर्धा मिलिमीटर भरतो, सुकल्यावर त्याहून कमी. तीन मिलिमीटरला 25 लिटर माल लागतो आणि गाडीचं वजन 27-28 किलोने वाढतं.

म्हणजे रॅप्टर हा दणकट रंग समजून घ्या. फाळक्यांच्या बाहेरच्या कडांना, चाकांच्या वरच्या भागाला, ज्याची गाडी बियाणं आणि भाजीपाला वाहते त्याला उत्तम. रोज अँगल आणि टाकी चढवणाऱ्याने त्यावर विसंबू नये.

गरम मशीन कुणाकडे असतं हा पुढचा प्रश्न येणारच. गाडीवाल्यांकडे शोधू नका, वॉटरप्रूफिंगवाल्यांकडे शोधा. गच्ची आणि पाण्याच्या टाक्यांना पॉलियुरिया मारणारे ठेकेदार तेच मशीन वापरतात. फक्त त्यांना पत्र्याच्या तयारीची सवय नसते, सिमेंटची असते. तयारी पत्र्याच्या माणसाकडून आणि मारा त्यांच्याकडून, अशी जोडी जमवावी लागते.

आलेवाली

जाडी मोजायची कशी? 'तीन मिलिमीटर मारलं' असं कुणीही म्हणेल.

पत्राकाम

ताई, चुंबकीय जाडी-मापक लोखंडावरच्या थराची जाडी मायक्रॉनमध्ये दाखवतं. पण रंगकामाच्या बऱ्याच साध्या मापकांची मर्यादा 1250 मायक्रॉनच असते, आणि तीन मिलिमीटर म्हणजे 3000. मर्यादेपलीकडे गेलं की आकडा येत नाही. तेव्हा जाड थर मोजणारं मापक आहे का ते आधी विचारा. दुसरी साधी पद्धत : काम चालू असताना हौद्याशेजारी पत्र्याचा एक तुकडा त्याच तयारीने ठेवायला सांगा, तोही सोबत फवारला जातो. तो घरी न्या. कडेला कापून व्हर्नियरने मोजा, धारदार चाकूने फुली मारून टोक उचकटून बघा. चिकटपणा आणि जाडी दोन्ही कळतात आणि गाडीला हात लावावा लागत नाही. जो तुकडा ठेवायला नाही म्हणेल त्याच्याकडे जाऊ नका. दरही चौरस फूट आणि मिलिमीटर दोन्ही धरून लेखी ठरवा.

मिरज_जंक्शन

आनि दोरी बांधायच्या कड्या, क्रेट अडवायची पट्टी, ती कवा मारायची? आधी का नंतर?

पत्राकाम

आधी. सगळं वेल्डिंग आधीच. लायनर झाल्यावर त्यावर किंवा त्याच्या मागच्या बाजूला टाका मारला तर थर जळतो, निघणारा धूर विषारी असतो, त्यात कार्बन मोनॉक्साइड आणि सायनाइडचा वायू असू शकतो. वेल्डर बंद शेडमध्ये हौद्यात वाकून बसलेला असतो, त्याच्या जिवाशी खेळ होतो. कड्या बसवून, टाका घासून, जळालेल्या जागी इपॉक्सी लावून मगच लायनर.

पाणी जायच्या भोकांना गोळे लावून फवारतात, ते गोळे काढले का ते उजेडात बघून घ्या. तुमच्या जुन्या गाडीचे केबिनकडचेच कोपरे गेले, कारण गाडी उतारावर तोंड करून उभी राहिली की पाणी तिथं साचतं आणि निघायला वाट नसते. तिथं भोक बुजलेलं राहिलं तर लायनरवर तळं होईल.

द्राक्षशिवार

सगळ्यांचे मनापासून आभार. माझं ठरलं ते लिहितो, चुकत असेल तर सांगा. करडा रंग, मधला दाणा, तळाला तीन मिलिमीटर, फाळक्यांना आतून दीड. तयारी कुपवाडला, मारा वॉटरप्रूफिंगवाल्याकडून, शेजारी तुकडा ठेवून. टाकी आणि अँगल चढवताना ताईंनी सांगितलेली मॅट तेवढ्यापुरती टाकायची, काम झालं की काढायची.

एकच अडलंय. डावणीच्या (द्राक्षावरच्या बुरशी रोगाच्या) फवारण्या चालू आहेत, गाडी रोज लागते. द्राक्ष संपल्यावर मे महिन्यात केलं तर? तेव्हा हवाही कोरडी असते.

पत्राकाम

मे चांगलाच, पण तोवर हौद्यात पूर्ण हंगामाचा मोरचूद, खत आणि क्रेटचे ओरखडे जमा होतील, आणि आज नुसतं घासून जे भागतंय त्याला तेव्हा गंज काढणं, इपॉक्सी, सगळं लागेल. फवारणीत दोन-चार दिवसांची फट मिळाली की करून घ्या. टाकीसाठी तेवढे दिवस शेजाऱ्याचा ट्रॅक्टर बघा.

थंडीत एकच पथ्य. पहाटे पत्र्यावर दव धरतं आणि ते पुसलं तरी पत्रा गार असेपर्यंत पुन्हा धरतं. पत्र्याचं तापमान दवबिंदूपेक्षा, म्हणजे ज्या तापमानाला दव धरतं त्यापेक्षा, निदान तीन अंशांनी वर असायला हवं, म्हणून आम्ही ऊन चढल्याशिवाय गन हातात घेत नाही. काम झाल्यावर दुसऱ्या दिवशी हलका माल चालेल, भरलेली टाकी मात्र आठवडाभर नको.

द्राक्षशिवार

मग याच आठवड्यात बघतो. धुऊन आणू का?

पत्राकाम

धुऊन आणा, पण आदल्या दिवशी सकाळी, म्हणजे बिजागऱ्यांच्या आतलं पाणी दिवसभरात वाळेल. टायरला किंवा डॅशबोर्डला चमकवायचं सिलिकॉनचं पॉलिश अजिबात लावू नका. त्याचा हात हौद्याला लागला की तिथं काहीच धरत नाही आणि ते धुऊनही सहज जात नाही. फाळके आम्ही सोडून घेऊ, बिजागऱ्यांच्या पिना नव्या आणल्यात तर उत्तम.